वाशीमकडची जुनी रहाटी आणि वार्धक्य

वाशीमच्या पद्मतीर्थाविषयी एक आख्यायिका प्रसिद्ध आहे आणि इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरकारांनीही ती नोंदून ठेवली आहे. वासुकी नावाच्या एका राजाला कुष्ठरोग जडला होता. गावाबाहेरच्या एका लहानशा डबक्यात त्याने स्नान केले, तो बरा झाला, आणि कृतज्ञतेने त्याने त्या डबक्याचे मोठे तळे केले. गॅझेटियर लिहिणाऱ्या साहेबाने या कथेवर मतप्रदर्शन केलेले नाही. त्या तळ्यावर लोक अजून स्नानाला जातात, एवढेच त्याने पुढे जोडले आहे.

पाण्याच्या अंगी तेवढे सामर्थ्य होते की नाही, हा प्रश्न श्रद्धाळूंनी आणि वैद्यांनी आपसांत मिटवावा. परंतु साहेबाचे ते शेवटचे साधे वाक्य कथेपेक्षा अधिक विचार करण्याजोगे आहे. तीर्थावर स्नानाला जाणारा मनुष्य पहाटे उठे, घरापासून तळ्यापर्यंत चालत जाई, काठ उतरून पाण्यात शिरे, धोतर स्वतःच्या मनगटाने पिळी, ओल्या अंगाने पुन्हा काठ चढे आणि भरलेला तांब्या घेऊन घरी परते. वयाची सत्तरी उलटली म्हणून या क्रमात खंड पडत नसे. स्नानावाचून देवपूजा नाही आणि देवपूजेवाचून अन्न नाही, असा दंडक होता. आपण व्यायाम करतो आहोत हा विचार त्याच्या मनाला शिवत नसे. व्यायाम हा तालमीत जाणाऱ्या पोरांनी करावयाचा; आपण करतो तो आचार, अशीच त्याची समजूत होती.

वाशीम हे गाव फार जुने. वाकाटकांच्या एका शाखेची वत्सगुल्म ही राजधानी ती हीच. १९३९ मध्ये उजेडात आलेल्या ताम्रपटाने दुसऱ्या विंध्यशक्तीचे नाव इतिहासाच्या पानावर आले. याच शाखेतील हरिषेणाच्या वराहदेव नावाच्या अमात्याने अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरविले. पुढे इंग्रजी कारभारात वाशीम हा वऱ्हाडातील एक जिल्हा होता. १९०५ मध्ये तो मोडून अकोल्यास व यवतमाळास जोडण्यात आला आणि १ जुलै १९९८ रोजी पुन्हा स्वतंत्र झाला. एवढा इतिहास कोणत्याही पुस्तकात सापडतो. म्हाताऱ्या माणसांच्या दिनक्रमाचा ताम्रपट मात्र कोणी कोरून ठेवीत नाही. तो घरातील वस्तूंवरून, व्रतनियमांवरून आणि चालीरीतींवरून जुळवावा लागतो.

हे करू लागण्यापूर्वी एका गोड गैरसमजाचा निरास केला पाहिजे. पूर्वीची माणसे शंभर शंभर वर्षे जगत, असे घरोघर सांगितले जाते. ते खरे नाही. १९०१ ते १९११ या दशकात हिंदुस्थानात जन्मलेल्या मुलाचे सरासरी आयुर्मान तेवीस वर्षांच्या आसपास होते. पुढच्या दशकात ते आणखी खाली, विशीपर्यंत घसरले. याचे मोठे कारण बालमृत्यू हे खरे. तरी मोठ्या माणसांनाही काळाने सोडले नव्हते. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी वऱ्हाड इतके पोळले की, वाशीम जिल्ह्याची लोकसंख्या १८९१ पेक्षा १९०१ मध्ये कमी भरली. दुष्काळाच्या मागोमाग प्लेग आला. १९१८ च्या मानमोडीने तर मध्यप्रांत-वऱ्हाडात घरेच्या घरे रिकामी केली. तेव्हा जुन्या रहाटीत दीर्घायुष्याचे काही गुपित होते असे म्हणावयास आधार नाही. आधार आहे तो निराळ्या गोष्टीस. या सर्व चाळणीतून जो साठीपलीकडे पोहोचे, त्याचे हातपाय शेवटपर्यंत चालत. नव्हे, ते चालवावेच लागत. आज सरासरी आयुर्मान सत्तरीच्या घरात आले आहे. वर्षे मिळाली, पण ती वर्षे ज्या पायांवर काढावयाची त्या पायांचे काय झाले, हा प्रश्न जुन्या काळाकडून शिकण्यासारखा आहे.

प्रथम जात्याकडे पाहावे. वऱ्हाडातील अन्न म्हणजे ज्वारीची भाकर, आणि ज्वारी रोजच्या रोज दळावी लागे, कारण तिचे पीठ शिळे झाले की भाकर थापताना तुटते. पहाटे दिवस उजाडण्यापूर्वी घरातील बायका जात्यावर बसत. एक पाय लांब, एक दुमडलेला. एका हाताने खुंटा फिरवावयाचा, दुसऱ्याने मूठमूठ दाणे जात्याच्या तोंडी घालावयाचे, आणि हात भरून आला की बदलावयाचा. वरची तळी फिरते तेव्हा केवळ हात फिरत नाही. कंबर, पाठ, पोट आणि खांदे मिळून तो फेर पुरा करतात. या कष्टाला ओव्यांचे सूर लाभले म्हणून तो कष्ट नव्हता असे नाही. बाळंतपणातून नुकतीच उठलेली, अर्धपोटी राहिलेली सून जात्यावर बसे तेव्हा तिची शक्ती वाढत नसे, झिजत असे. जात्याची थोरवी गाणारे लेख बहुधा पुरुषांनीच लिहिलेले असतात, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. म्हणून पिठाची गिरणी गावात आली तेव्हा बायकांनी तिचे स्वागत केले, यात त्यांचे काहीच चुकले नाही.

परंतु सुनेच्या जोडीला जात्यावर बसणारी सासूही होती. सुनेने अर्धा भार उचलल्यावर वयस्क स्त्रीच्या वाट्याला जे दळण उरे ते तिच्या दंडांना आणि पाठीला पुरेसे काम देई व तिला मोडूनही टाकीत नसे. गिरणी आली तेव्हा सुनेचा भार गेला, आणि त्याच दिवशी सासूचाही गेला. विहिरीच्या पोहऱ्याचे, डोक्यावरच्या घागरीचे आणि उखळातल्या मुसळाचे असेच झाले. घरात नळ आला, यंत्रे आली. प्रत्येक सुधारणा योग्यच होती. मात्र वृद्ध शरीराला रोज मिळणारे काम या सुधारणांबरोबर निघून गेले आणि त्याच्या जागी काय ठेवावयाचे याचा विचार कोणी केला नाही.

पाटाची गोष्ट त्याहून अधिक मनोरंजक आहे, कारण पाटात कष्ट असा नव्हताच. जुन्या घरात खुर्ची नसे. जेवण पाटावर, स्वयंपाक चुलीपुढे जमिनीवर, पूजा आसनावर, धान्य निवडणे सुपापुढे, झोप सतरंजीवर किंवा घोंगडीवर. दिवसाकाठी वृद्ध मनुष्य कितीदा तरी खाली बसे आणि कितीदा तरी उठे. प्रत्येक वेळी शरीराचा सगळा भार मांड्यांनी, नितंबांनी आणि पोटऱ्यांनी जमिनीपासून वर उचलावा लागे आणि तोलही सांभाळावा लागे. तालमीतील पोरगा ज्याला बैठक म्हणतो तीच ही क्रिया. फक्त ती मोजली जात नसे.

या बसण्याउठण्याचे मोल काय, हे ब्राझीलमधील क्लाउदियो अराउजो या डॉक्टराने व त्याच्या सहकाऱ्यांनी मोजून पाहिले. त्यांनी एक्कावन्न ते ऐंशी वर्षे वयाच्या २,००२ स्त्रीपुरुषांना जमिनीवर बसावयास व उठावयास सांगितले. बसण्यास पाच गुण, उठण्यास पाच. हात किंवा गुडघा टेकला की प्रत्येक टेकीला एक गुण वजा. तोल गेला की अर्धा वजा. मग सरासरीने सहा वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला त्याचा निष्कर्ष असा की, ज्यांना आठ ते दहा गुण मिळाले त्यांच्या मानाने तीनपर्यंतच गुण मिळविणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण पाच-सहा पट होते. यावरून जमिनीवर बसल्याने आयुष्य वाढते असे सिद्ध होत नाही. आजारी मनुष्याला उठता येत नाही, एवढाही याचा अर्थ असू शकेल. परंतु मांड्यांतील बळ, सांध्यांची लवचिकता आणि तोल ही तिन्ही एकवटल्याशिवाय जमिनीवरून उठता येत नाही, आणि वृद्धाचा मोठा शत्रू जो पडणे, त्याला अडविणारी शक्तीही याच तिहींची बनलेली असते. पाय घसरला, खुब्याचे हाड मोडले, मनुष्य अंथरुणाला खिळला आणि मग काही महिन्यांतच गेला, ही हकीकत कोणत्या कुटुंबाने ऐकलेली नाही?

वाशीम-कारंज्याच्या घरांत खुर्ची प्रथम आली ती कचेरीतून व शाळेतून, मानाची वस्तू म्हणून. नंतर जेवणाचे टेबल आले, उभ्याने स्वयंपाक करण्याचा ओटा आला, शेवटी शौचकूपातही उंच बैठक आली. ज्याचे गुडघे खरोखर झिजले आहेत त्याला ही मोठी सोय आहे, आणि तासन्‌तास उकिडवे बसून काम करणाऱ्यांचे गुडघे लवकर झिजतात हेही आढळून आले आहे. तेव्हा जमिनीचा हट्ट सर्वांनी धरावा असे नाही. पण ज्याचे गुडघे शाबूत आहेत तोही आज पन्नाशीतच जमिनीशी नाते तोडतो, आणि साठीत एकदा सत्यनारायणाच्या पूजेला पाटावर बसण्याचा प्रसंग आला म्हणजे उठताना चौघांचे हात शोधतो.

येथे शास्त्राचीही साक्ष काढली पाहिजे, आणि ती अडचणीची आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात दिनचर्येचा अध्याय आहे. पहाटे उठावे, रोज अंगाला तेल चोळावे, विशेषेकरून डोके, कान आणि तळपाय यांना, व्यायाम अर्ध्या शक्तीनेच करावा, अशी त्यातील शिकवण वऱ्हाडी घरांत श्लोक न येणाऱ्या आजीलाही ठाऊक होती. पण ज्यांनी व्यायाम वर्ज्य करावा अशांच्या यादीत वाग्भटाने बालकाबरोबर वृद्धालाही घातले आहे. त्याच्या मनातील व्यायाम मल्लांचा असावा आणि त्या दृष्टीने त्याचा इशारा गैर नव्हता. तथापि या वचनाचा समाजाने केलेला अर्थ निराळा झाला. साठी झाली, शांत झाली, आता तुम्ही काही करू नका, स्वस्थ बसा! मुलगा हे प्रेमाने म्हणतो, सून आदराने म्हणते, शेजारी कौतुकाने म्हणतात. म्हाताऱ्याच्या हातातली पिशवी काढून घेणे हे सुशीलतेचे लक्षण ठरले. जुन्या काळी हा आदर बोलण्यापुरता असे, कारण घरातील काम कोणाच्याही आदरासाठी थांबत नसे. आता तो खराखुरा अंमलात येतो, आणि त्याने होणारी हानी कोणाच्या ध्यानात येत नाही. जो तो आपले कर्तव्य करीत असतो.

शरीरशक्तीची संघटित उपासना वऱ्हाडात झाली नाही असे नाही. शेजारच्या अमरावतीत १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी हनुमान आखाडा सुरू केला. तीच संस्था पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ म्हणून नावारूपास आली, आणि तिच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिनच्या ऑलिंपिकप्रसंगी देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली. वऱ्हाडच्या मातीतील मुले जर्मनीत मल्लखांब करून आली, ही अभिमानाची गोष्ट खरीच. पण आखाडा हा तरुणांचा. म्हातारा वस्ताद कडेला बसून शिकवी; म्हातारा शिष्य कोणी पाहिला नव्हता. ऐंशी-नव्वदीच्या देहाला पुन्हा बळ येऊ शकते, ही कल्पनाच पूर्वेस वा पश्चिमेस कोणाला नव्हती. १९९० मध्ये बॉस्टन येथील मारिया फियातारोने या डॉक्टरणीने वृद्धाश्रमातील शहाऐंशी ते शहाण्णव वर्षांच्या दहा जणांना मांड्यांनी वजन उचलण्याचा व्यायाम आठ आठवडे दिला. एकाने मध्येच सोडले. उरलेल्या नवांच्या मांड्यांचे बळ सरासरीने पावणेतीन पट झाले. देखरेखीखाली, बेताबेताने वाढवीत नेलेले वजन होते, हे विसरता कामा नये. परंतु वृद्धाने स्वस्थ बसावे या समजुतीला यापेक्षा मोठा धक्का क्वचितच बसला असेल. जात्यावर बसणाऱ्या सासूचे दंड का सुटत नसत, याचे उत्तरही या नऊ जणांच्या मांड्यांत आहे.

आतापर्यंत सांगितले ते गरजेने घडत होते. वाशीम जिल्ह्यातच असे एक गाव आहे की, जेथे संयम गरजेतून न येता व्रतातून आला. ते गाव म्हणजे कारंजा, लाडांचे कारंजे. दत्तसंप्रदायातील श्रीनृसिंहसरस्वतींचे हे जन्मस्थान. त्याचबरोबर दिगंबर जैनांच्या भट्टारकांची पीठे येथे होती, आणि येथील ग्रंथभांडारांतील अपभ्रंश हस्तलिखिते संपादित होऊन प्रकाशात आली तेव्हा पंडितांचे लक्ष या व्यापारी गावाकडे वळले. कारंज्याच्या पेठेत पैसा खेळत होता. खाण्यास भरपूर असताना बेताने खाणे, ही गोष्ट दुष्काळातल्या उपासाहून अगदी वेगळी आहे. म्हणून कारंज्याचे उदाहरण आजच्या सुखवस्तू घरांना अधिक जवळचे.

श्रावकाच्या घरी सूर्यास्तापूर्वी जेवणे होत. रात्रिभोजनाचा त्याग हा अहिंसेसाठी. दिव्याभोवती येणारे जीव अन्नात पडू नयेत म्हणून. उशिरा रात्री जेवले असता त्याच अन्नाने रक्तातील साखर अधिक चढते, हे अलीकडच्या प्रयोगांतून कळले; श्रावकाला ते ठाऊक नव्हते आणि त्याची गरजही नव्हती. जैनेतर शेतकरी घरांतही दिवेलागणीलाच जेवणे उरकत, पण ती घासलेट वाचविण्यासाठी. विजेचा दिवा आला आणि शेतकऱ्याची जेवणाची वेळ सरकत सरकत रात्री नऊ-दहावर गेली. श्रावकाची मात्र, जेथे व्रत पाळले गेले तेथे, विजेच्या प्रकाशातही ढळली नाही.

तत्त्वार्थसूत्रात बाह्य तपांची जी यादी आहे तिच्यात उपवासाच्या लगेच पुढे अवमौदर्य येते. भुकेपेक्षा कमी खाणे, असा त्याचा अर्थ. पुरुषाचा पूर्ण आहार बत्तीस घासांचा आणि स्त्रीचा अठ्ठावीस घासांचा मानून, त्यातून निदान एक घास तरी कमी करावा, असे जैन आचारग्रंथ सांगतात. उपवास एका दिवसाचा असतो. अवमौदर्य रोजचे, पंक्तीत बसून पाळावयाचे, कोणाच्या लक्षातही न येणारे. जपानच्या ओकिनावा बेटावरील दीर्घायुषी वृद्ध पोटाचे आठ भाग भरले की थांबतात, याचे कौतुक आज जगभर चालले आहे. कारंज्याच्या माजघरात तेच तत्त्व घास मोजून पाळले जात होते. एक सावधगिरी मात्र येथे सांगणे अवश्य आहे. आधीच कृश झालेल्या वृद्धाने आहार तोडला तर चरबीऐवजी स्नायूच झडतात. आजचे आहारशास्त्र वृद्धाला तरुणापेक्षा थोडे अधिकच प्रथिन सांगते. देहाच्या दर किलो वजनामागे निदान एक ग्रॅम. तेव्हा कमी करावयाचा घास भाताचा आणि साखरेचा, वरणाचा व ताकाचा नव्हे.

पाण्याविषयीचा नियम याहूनही लक्षणीय. पाणी दुहेरी कापडातून गाळल्याशिवाय प्यावयाचे नाही, आणि कापडावर राहिलेले जीव ज्या विहिरीचे पाणी असेल तिच्यातच परत सोडावयाचे. हेतू जीव वाचविण्याचा. पण वाचला तो गाळणाराच. पूर्वी महाराष्ट्रात नारू हा रोग पायविहिरींच्या पाण्यातून पसरे. पाण्यातील सूक्ष्म किड्यांबरोबर नारूची अळी पोटात जाई आणि वर्षभराने हातभर लांब जंत पायातून बाहेर पडे. आधीच वयाने थकलेला मनुष्य अशा पायाने आठवडेच्या आठवडे जागचा हलू शकत नसे. १९८३-८४ मध्ये सरकारने नारूनिर्मूलनाचा कार्यक्रम हाती घेतला तेव्हा महाराष्ट्र हे नारूग्रस्त राज्यांपैकी एक होते, आणि त्या कार्यक्रमातील प्रमुख उपायांपैकी एक होता पाणी कापडातून गाळणे. १९९६ नंतर देशात नारूचा रोगी आढळला नाही. २००० मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला. पटकीविषयीही असेच. बांगलादेशातील खेड्यांत जुन्या साडीच्या घडीतून पाणी गाळावयास लावले तेव्हा पटकीचे रोगी जवळजवळ निम्म्याने घटले, असे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात दाखविण्यात आले.

ज्या १९१८ साली मानमोडीने वऱ्हाडात हाहाकार उडविला, त्याच वर्षी कारंज्यात महावीर ब्रह्मचर्याश्रम या गुरुकुलाची स्थापना झाली. संस्थापक देवचंद शहा हे मूळचे करमाळ्याचे, पदवीधर. पुढे तेच मुनी समंतभद्र म्हणून प्रसिद्ध झाले. शालेय शिक्षणाला नियमित दिनचर्येची व धर्माचाराची जोड द्यावी, ही त्यांची कल्पना कारंज्यातून बाहुबलीसारख्या इतर गुरुकुलांत पसरली. घरातील चालीने जे सहज घडत होते ते आता ठरवून, वेळापत्रकाने मुलांच्या अंगी बाणवावे लागणार, हे त्यांनी ओळखले होते असे दिसते. १८९१ मध्ये जन्मलेले समंतभद्र १९८८ मध्ये, वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षी निवर्तले. दिगंबर मुनी दिवसातून एकदाच, उभ्याने, ओंजळीत पडेल तेवढेच अन्न घेतो आणि वाहनात बसत नाही. एका दीर्घ आयुष्यावरून नियम बांधणे अशास्त्रीय होईल. याच आचाराने राहणारे अल्पायुषी मुनीही झालेच असतील. परंतु एवढा कडक आचार देहाला अकाली मोडतो, ही शंका घेणाऱ्यांना हे उदाहरण पुरेसे उत्तर आहे.

अन्नाच्या पदार्थांविषयी थोडक्यात सांगता येईल. ज्वारीची भाकर, तुरीचे वरण, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी आणि ताक, हे वाशीमकडचे साधे ताट. जवसाच्या तेलातील स्निग्धांश हृदयाला हितकर म्हणून आज तो शहरात बाटलीतून विकला जातो. भाकरीतील कोंडा व तंतू आतड्याला आणि रक्तातील साखरेला मानवणारे आहेत. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे म्हणून साजरे केले, पण वाशीमच्या शेतांतून ज्वारीने तोवर काढता पाय घेतला होता. १९८० नंतर वऱ्हाडात शिरलेल्या सोयाबीनने खरिपाची जमीन व्यापली. सोयाबीन बाजारात जाते, ज्वारी घरात राहत होती. पीक बदलले तसे ताटही बदलले. म्हाताऱ्या माणसाला कडबा, हुरडा आणि कण्या आठवतात, आणि रेशनचा गहू-तांदूळ खावा लागतो.

राहिले चालणे. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे मोठे तीर्थ. लमाणांचे तांडे शेकडो बैलांवर धान्य आणि मीठ लादून देशभर चालत. रस्ते व आगगाडी झाल्यावर तो व्यापार बुडाला आणि चालण्याने पोट भरणारा समाज मजुरीच्या शोधात भटकू लागला. त्यांच्या चालण्यात स्वखुशी किती होती हे सांगणे कठीण. इतरांचेही चालणे गरजेचेच होते: आठवड्याचा बाजार, शेत, लेकीचे गाव. दिवसाला दहा हजार पावले चालावे, हा जो आकडा हल्ली घड्याळे सांगतात तो कोणा वैद्याने काढलेला नाही. १९६५ च्या सुमारास जपानात विकावयास आलेल्या पावले मोजण्याच्या यंत्राच्या नावातून तो रूढ झाला. अमेरिकेत सरासरी बहात्तर वर्षांच्या स्त्रियांची पाहणी होऊन २०१९ मध्ये असे प्रसिद्ध झाले की, दिवसाला सुमारे चार हजार चारशे पावले चालणाऱ्या स्त्रियांत दोन हजार सातशे चालणाऱ्यांपेक्षा मृत्यूचे प्रमाण बरेच कमी होते, आणि साडेसात हजारांनंतर लाभ फारसा वाढत नव्हता. शेत गावापासून कोसाच्या आत असलेल्या म्हाताऱ्या कुणब्याची सकाळची फेरी एवढी सहज भरत असे.

गरजेचे चालणे गेले. व्रताचे अजून आहे. शेगावहून पंढरपूरला जाणारी श्रीगजानन महाराजांची पालखी वाशीम जिल्ह्यातून, मेडशी, शिरपूर आणि रिसोडच्या वाटेने जाते. पताका घेऊन ओळीने चालणाऱ्या वारकऱ्यांत पांढऱ्या मिशांची माणसे पुष्कळ असतात. मुक्कामाच्या गावी पंगत जमिनीवर बसते. पत्रावळी पुढे येतात, भाकर-पिठले वाढले जाते, जयघोष होतो. जेवण झाले की वाढपी उष्टी उचलावयास येतात, आणि त्यांच्या आधी ही म्हातारी माणसे आपापली पत्रावळ हातात घेऊन उठलेली असतात.